बेंटोनाइट आणि पाइलचं घर्षण: या चुका टाळा

लोड टेस्टमध्ये, म्हणजे भार टाकून घेतलेल्या चाचणीत, पाइल (जमिनीत खोल बोअर घेऊन त्यात ओतलेला काँक्रीटचा खांब) जास्त खचली की पहिला संशय काँक्रीटवर, दुसरा तळाच्या गाळावर. बोअरच्या भिंतीची चौकशी क्वचितच होते. वाळूत मात्र पाइलचा बराच भार त्या भिंतीवरच्या घर्षणानेच पेलला जातो.

सगळ्यात महागात पडते ती दिरंगाई. संध्याकाळी खोदाई संपते, सळ्यांचा पिंजरा उतरतो, आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्या ट्रॅफिकमध्ये अडकतात आणि ‘सकाळी ओतू’ असं ठरतं. रात्रभर बेंटोनाइटमधलं (बोअर ढासळू नये म्हणून त्यात भरलेल्या चिकणमातीच्या द्रावणातलं) पाणी वाळूत झिरपतं आणि मागे उरलेल्या मातीचा थर भिंतीवर दुधावरच्या सायीसारखा जाड होत जातो. ट्रेमीतून (तळापर्यंत सोडलेल्या नळीतून) भरलेलं काँक्रीट वर चढताना तो खरवडून नेईल, ही भाबडी समजूत. स्लम्प, म्हणजे काँक्रीटचा पातळपणा, कमी असेल तर अजिबातच नाही. मुक्काम टळणारच नसेल तर पिंजरा बाहेरच ठेवा. सकाळी साइड कटर (बाजूची भिंत खरवडणारं पातं) लावलेली खोदाईची बकेट वरपासून खालपर्यंत फिरवा, तळ साफ करा, बेंटोनाइट बदला, मग पिंजरा. चिकणमातीत असा थर फारसा बसत नाही, पण भिंत पाणी पिऊन मऊ पडते. म्हणजे घाई तिथंही हवीच.

दुसरी खोड, तेच बेंटोनाइट फिरवत राहणं. आयएस 2911 या पाइलच्या भारतीय मानकाप्रमाणे ताज्या द्रावणाची घनता 1.03 ते 1.10 ग्रॅम प्रति मिली हवी आणि काँक्रीटआधी ती 1.12 च्या आत आणायची. नमुना बोअरच्या तळातून घ्या. वरून बादलीत काढलेला नेहमीच पास होतो! मार्श कोनमधून (द्रावणाचा दाटपणा मोजायच्या नरसाळ्यातून) वाहून जायला 30 ते 60 सेकंद लागायला हवेत. नुसतं पाणीच 26 घेतं, तेव्हा 28 वर खूश होऊ नका.

खाडीकाठच्या साइटवर बोअरवेलचं मचूळ पाणी वापरलं की बेंटोनाइट नीट फुगत नाही, गुठळ्या धरतं आणि थर उलट जाडच बसतो. टँकरचं गोडं पाणी घ्या आणि कालवून रात्रभर मुरू द्या.

बेंटोनाइटऐवजी वापरल्या जाणाऱ्या पॉलिमरच्या (लांब साखळीच्या रेणूंच्या) द्रावणात असा थर बनत नाही. लंडनच्या स्ट्रॅटफर्डमधल्या चाचणीत पॉलिमरच्या पाइल बेंटोनाइटपेक्षा सरस ठरल्या. पण तो बेंटोनाइटसारखा हाताळला तर फसवतो. वाळू तरंगत न राहता तळाशी बसते आणि सेंट्रिफ्युगल पंपाने त्याच्या लांब साखळ्या तुटतात.

टेस्ट फेल झालीच, तर आधी पाइलचं रेकॉर्ड काढा: खोदाई संपल्याची आणि ओतणं सुरू झाल्याची वेळ. पिंजऱ्याला आधीच नळ्या बांधलेल्या असतील तर बाजूने ग्राउटिंग (दाबाने सिमेंटचं द्रावण भरणं) करून घर्षण वाढवता येतं.