ओळींमधली शिशाची पट्टी आणि आपली लाइन हाइट
छपाईसाठी धातूच्या अक्षरांचे खिळे जुळवायच्या काळात दोन ओळींच्या मधे शिशाची पातळ पट्टी घालायचे, म्हणजे १० पॉइंटचा (पॉइंट हे छपाईतलं माप) खिळा आणि २ पॉइंटची पट्टी असली की ओळ १२ची, ओळींमधल्या जागेला लेडिंग म्हणतात तो शब्द तिथूनच, लेड म्हणजे शिशावरून आलाय. पण हे माप इंग्रजीला पुरतं, मराठीत वरच्या ओळीतल्या 'कृ'चा ऋकार खालच्या 'र्कीं'च्या रफार-अनुस्वारावर आदळतो, म्हणून स्क्रीनवर १६ पिक्सेलच्या अक्षराला लाइन हाइट, म्हणजे एका ओळीची पूर्ण उंची, निदान २५-२६ पिक्सेल ठेवा, वाचताना खरंच फरक पडतो.
आणि लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधली जादा जागा, शून्यच हं! अक्षरं एकमेकांपासून लांब केली की शिरोरेषा तुटते, शब्दाचे तुकडे दिसतात आणि मला तर ते बघवतच नाही. जागा भरायचीच असेल तर जुने कंपोझिटर (खिळे जुळवणारे) करायचे तसं शब्दांमधे भरा, वर्ड स्पेसिंग त्यासाठीच आहे.