झुमऱ्याचा लेहरा वाजवणारं प्लगइन कसं लिहायचं

आमच्या इंदूरात उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गायकीमुळे कानाला अतिविलंबित झुमऱ्याची, म्हणजे अतिशय संथ लयीतल्या १४ मात्रांच्या तालाची, सवय आहे, आणि रामबागेत माझा आतेभाऊ तबल्याचा रियाज करतो त्याला तेवढाच संथ लेहरा, म्हणजे तबल्याच्या साथीला पुन्हा पुन्हा वाजणारी सुरावट, हवा होता, म्हणून हे करायला घेतलं.

शून्यापासून सुरू करू नका. एलव्ही२, म्हणजे ऑडिओ प्लगइन लिहिण्याचं एक खुलं मानक, त्याच्या सोर्समध्ये ईजी-मेट्रो नावाचं मेट्रोनोमचं उदाहरण आहे, तेच कॉपी करा आणि नाव अन् युआरआय (प्लगइनची एकमेव ओळख सांगणारा पत्ता) बदला. युआरआय सी फाईलमध्ये आणि टीटीएल, म्हणजे प्लगइनचं वर्णन असलेल्या, फाईलींमध्ये अक्षर न् अक्षर सारखा पाहिजे, एक स्लॅश चुकला की प्लगइन लोडच होत नाही, माझ्या दोन संध्याकाळी ह्यातच गेल्या. बंडल, म्हणजे प्लगइनच्या सगळ्या फाईलींचं फोल्डर, होम फोल्डरमधल्या डॉट-एलव्ही२ मध्ये टाका, आर्डर ह्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नेण्याआधी जाल्व ह्या प्लगइन चालवून बघायच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये चालवा, एरर टर्मिनलवर लगेच दिसतो.

आता खरी गोष्ट, लय. मिनिटाला २० मात्रा म्हणजे एक मात्रा ३ सेकंदांची, ४८००० च्या सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८००० नमुने (फ्रेम) धरले तर, १,४४,००० फ्रेम, आणि झुमऱ्याचं १४ मात्रांचं आवर्तन पुरं ४२ सेकंदांचं. घड्याळाकडे बघायचंच नाही, फक्त फ्रेम मोजायच्या. होस्ट, म्हणजे प्लगइन चालवणारा आर्डरसारखा प्रोग्रॅम, रन हे फंक्शन एकेका ब्लॉकपुरतं बोलावतो, समजा १०२४ फ्रेमचा, म्हणजे २१ मिलिसेकंद, आणि तुम्ही प्रत्येक ठोका ब्लॉकच्या सुरुवातीलाच टाकून मोकळे झालात तर तो तेवढा सरकू शकतो, द्रुतमध्ये तिरकिटसारखे जलद बोल आले की कानाला बोचतंच. ठोका ब्लॉकमधल्या कितव्या फ्रेमवर येतो ते काढा, तिथेच सुरू करा.

अपूर्णांक टाकून देऊ नका. १३० च्या लयीत मात्रा २२१५३.८४६ फ्रेमची होते, पुढचं छाटलंत तर तासाभरात लेहरा साधारण १३७ मिलिसेकंद पुढे पळतो. डबल ह्या दशांश आकड्याच्या प्रकारात ठेवा, गोल फक्त शेवटी करा.

ईजी-मेट्रोला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कळत नाही, त्याला फक्त बीट कळतो. होस्टमध्ये ४/४ कायम ठेवा, होस्ट पाठवतो त्या टाइम पोझिशनमधून बार (कितवा बार) आणि बारबीट (बारमधला कितवा बीट, दोन्ही शून्यापासून) घ्या, बारला ४ ने गुणून बारबीट मिळवा, १४ ने भागून बाकी काढा, ती झाली मात्रा, ० म्हणजे सम. ३-४-३-४ चे विभाग हवे असतील तर त्यावरूनच पडतात.

रनच्या आत मेमरी मागणं, फाईल उघडणं, प्रिंटएफ, लॉक, काही म्हणजे काही नको, ह्यातलं कुठलंही किती लांबेल सांगता येत नाही आणि आवाज तुटतो. सारंगीचे सॅम्पल इन्स्टॅन्शिएटमध्येच, म्हणजे प्लगइन तयार होताना एकदा चालणाऱ्या फंक्शनमध्येच, लोड करा, वाजता वाजता राग बदलायचा असेल तर असली कामं रनच्या बाहेर करवून घेणारं वर्कर एक्स्टेन्शन वापरा.

मग होस्टच्या टाइमलाइनवर मधेच उडी मारून बघा, नवव्या मात्रेवर उतरलात तर नववीच वाजली पाहिजे.