अमेरिकेत भूल देणारी नर्स: ओटी आणि लेबर रूममधला अनुभव

महाराष्ट्रातून इथं आलेल्या नर्स मुली भेटल्या की पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, आपल्याकडे भूल डॉक्टर देतात. इथं नर्सला कशी काय देऊ देतात?"

देऊ देतात, कारण इथं ही पद्धत एकोणिसाव्या शतकापासून आहे. मिनेसोटातल्या रॉचेस्टरला मेयो बंधूंच्या शस्त्रक्रियांना भूल द्यायची ती अॅलिस मॅगॉ ही नर्स. तिनं १९०६ मध्ये १४,००० हून जास्त केसेसचा अहवाल छापला. भुलीमुळे एकही मृत्यू नव्हता. ‘सीआरएनए’ (सर्टिफाइड रजिस्टर्ड नर्स अॅनेस्थेटिस्ट, म्हणजे भूल देणारी नर्स) ही पदवी १९५६ पासूनची. त्यामुळे डॉक्टर मिळत नाही म्हणून नर्स, असा हा मामला नाही. मात्र एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. नर्सने स्वतंत्रपणे भूल देण्याची पद्धत भारतात नाही. उद्या परत जायचं मनात असेल, तर हे शिक्षण तिथं या कामाला लागणार नाही.

वाट लांब आहे. नुसतं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) चालत नाही, बीएससी किंवा पोस्ट बेसिक (डिप्लोमानंतरची बीएससी) लागतं. एनसीएलएक्स (अमेरिकेतली नर्सिंग परवान्याची परीक्षा) मुंबईत देता येते, पण व्हिसाच्या रांगेत किती वर्षं जातील ते कुणी सांगू शकत नाही. त्यानंतर आयसीयू. कागदावर एक वर्ष पुरतं, पण बहुतेकींचं दोन-तीन वर्षांचं काम झालेलं असतं. आयसीयूसुद्धा असं हवं की व्हेंटिलेटर आणि बीपी टिकवून ठेवणारी औषधं रोज हाताखालून जातील. कॅज्युअल्टीचा अनुभव बहुतेक ठिकाणी धरत नाहीत. मग तीन वर्षांचा कोर्स. २०२२ पासून नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना डॉक्टरेट पातळीचाच करावा लागतो. निदान ६०० केसेस आणि २,००० तास क्लिनिकल. या काळात नोकरी जवळपास अशक्य, म्हणजे कर्ज आलंच. घरच्यांशी पैशाचं बोलणं अर्ज करायच्या आधी उरकून घ्या.

आता कामाबद्दल. ओटीत दिवसाला एक घडी असते. सकाळी मशीन तपासायचं, सक्शन चालू आहे ना बघायचं, अँबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) हाताशी ठेवायची, औषधं भरून प्रत्येक सिरिंजला लेबल लावायचं. पेशंट उपाशीपोटी आलेला असतो. घन पदार्थ निदान सहा तास आधी बंद, पाणी दोन तास आधीपर्यंत. हल्ली वजन कमी करायची साप्ताहिक इंजेक्शनं घेणारे इतके झालेत, की उपाशी राहूनही पोट भरलेलं निघतं. म्हणून तो प्रश्न आवर्जून विचारावा लागतो. पित्ताशय, गुडघे, हर्निया, लहान मुलांचे टॉन्सिल्स अशा केसेस एकामागून एक चालतात. पेशंट झोपला की तुम्ही, मॉनिटर आणि सर्जनची गाणी. (सर्जनची आवड आपल्याशी जुळेल अशी अपेक्षा ठेवू नका.)

लेबर रूममध्ये यातलं काहीच नसतं. बाई जागी असते, कळा येत असतात, जेवण कधी झालं याचा पत्ता नसतो, नवरा पांढराफटक पडलेला आणि रात्रीचे तीन वाजलेले. एपिड्युरल (कळांचं दुखणं थांबवायला पाठीतून दिलेली भूल) देताना तिला पलंगाच्या कडेला बसवून पाठीची कमान करायला सांगायची. कळ आली की थांबायचं, ओसरली की सुई पुढे. सलाइनच्या सिरिंजवर अंगठा दाबून ठेवलेला असतो. लिगामेंट (मणक्यांना जोडणारा चिवट पट्टा) ओलांडेपर्यंत दट्ट्या हलत नाही आणि मग एका क्षणी एकदम आत जातो. तिथं थांबायचं. ही जाणीव सुरुवातीला सापडत नाही, नंतर बोटंच सांगू लागतात. मग कॅथेटर (औषधाची बारीक नळी) आणि, ती चुकीच्या जागी गेली नाही ना हे बघायला, तीन मिलीचा टेस्ट डोस: कानात गुणगुणतंय का, तोंडात धातूची चव येतेय का, नाडी वाढतेय का. बोलत राहायचं, कारण तिची उत्तरं हासुद्धा तुमचा मॉनिटरच.

सिझरलाही तेच. कमरेतून भूल दिली की बर्फ लावून छातीच्या पातळीपर्यंत गार लागायचं थांबलंय का ते बघायचं. बाई "मळमळतंय" म्हणाली, की उलटीचं भांडं पुढे करतानाच नजर बीपीवर हवी आणि फेनिलेफ्रिन (बीपी वाढवणारं औषध) हातात. बाळ बाहेर आल्यावर गर्भपिशवी आकसली नाही, तर ऑक्सिटोसिननंतरची औषधं बघून निवडायची: बीपी असलेल्या बाईला मेथर्जिन नको, दमा असलेलीला कार्बोप्रोस्ट नको. डॉक्टर ओरडून औषध मागत असताना हे आठवायला हवं. कधी बाळाचे ठोके पडतात आणि सगळे पळत सुटतात. आधीच एपिड्युरल नीट चाललेलं असेल, तर तीन टक्क्यांचं क्लोरोप्रोकेन (झटपट बधिर करणारं औषध) त्यातूनच देऊन काही मिनिटांत सिझर सुरू करता येतं, पूर्ण भूल टळते. म्हणून माझ्या मते रात्रीचं अर्धवट चालणारं एपिड्युरल "सकाळी बघू" म्हणून सोडणं हा आळस आहे. ते तेव्हाच काढून नवीन घालावं.

आपली माणसं भेटली की वेगळीच परीक्षा. एका बाळंतपणाला भारतातून मुलीची आई आलेली. "पाठीत इंजेक्शन घेतलं की जन्मभर कंबर जाते, आमच्या जाऊबाईंचं तेच झालंय." मी म्हटलं, "काकू, टोचलेली जागा चार दिवस दुखेल. पण कायमची कंबरदुखी या इंजेक्शननं होते असं अभ्यासात दिसलेलं नाही. बाळंतपणात, मूल उचलण्यात कंबर तशीही झिजते." काकू गप्प झाल्या, पटलं असं मात्र नाही. मुलीनं इंजेक्शन घेतलं.

डॉक्टरांशी नातं हॉस्पिटलवर अवलंबून. मोठ्या ठिकाणी एक भूलतज्ज्ञ चार खोल्यांपर्यंत बघतो आणि प्रत्येक खोलीत एक सीआरएनए. खेड्यापाड्यातल्या छोट्या हॉस्पिटलांत कित्येकदा भूल देणारी तुम्ही एकटीच. २००१ मध्ये आयोवापासून सुरुवात होऊन काही राज्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीची मेडिकेअरची (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याची) अटही काढून घेतली. माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं तरी अशा जागी काढा, जिथं हाक मारली की कुणीतरी येईल.

कॉलेज निवडताना मुली फी आणि निकाल बघतात. मुलाखतीत आणखी एक विचारा: तुमच्या क्लिनिकल साइटवर लेबर रूमची एपिड्युरल्स कोण घालतं? तिथं भूलशास्त्राचे रेसिडेंट डॉक्टर असतील, तर सुई आधी त्यांच्या हातात जाते आणि तुमच्या वाट्याला बघ्याची भूमिका येते. नेमकं उत्तर मिळालं नाही, तर तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनीला गाठून विचारा.