हिब्रू शास्त्रातील परकी नावे कशी उलगडावीत

हिब्रू शास्त्रात, म्हणजे ख्रिस्ती वाचक ज्याला जुना करार म्हणतात त्या ग्रंथसंग्रहात, मिसरी (म्हणजे इजिप्तची), अश्शूरी, बाबेली आणि पारसी नावे जागोजाग येतात. नावांचे अर्थ देणाऱ्या अनेक पुस्तिका ही सगळी नावे हिब्रू धातूंवरूनच सोडवू पाहतात आणि तिथेच फसतात. परक्या नावाचा अर्थ त्याच्या मूळ भाषेतच शोधावा लागतो. हिब्रू लेखन हे त्या नावाचे कानावर पडले तसे टिपलेले रूप असते.

म्हणून प्रथम ती व्यक्ती कोणत्या देशातली आणि कोणत्या काळातली हे संदर्भावरून ठरवावे आणि पदव्या बाजूला काढाव्यात. ‘फारो’ हे कोणाचेही नाव नाही. मिसरी भाषेत त्याचा मूळ अर्थ ‘मोठे घर’, म्हणजे राजवाडा, आणि पुढे तो शब्द राजाला लावला गेला. ‘रब्शाके’ हीदेखील अश्शूरी दरबारातल्या अधिकाऱ्याची पदवी आहे.

त्यानंतर नावातील व्यंजने नीट पाहावीत. मूळ हिब्रू लेखनात बहुतेक स्वर नव्हते. स्वरचिन्हे फार उशिरा घातली गेली, त्यामुळे परक्या नावातल्या स्वरांवर फारशी भिस्त ठेवू नये. व्यंजने मात्र पुष्कळ काही सांगतात. अक्कादी, म्हणजे अश्शूर आणि बाबेल इथल्या प्राचीन भाषेत, राजाला ‘शर्रु’ म्हणत. अश्शूरचा राजा शर्रु-किन हिब्रूत ‘सर्गोन’ झाला, कारण अश्शूरी लोकांचा ‘श’ हिब्रू कानांना ‘स’सारखा ऐकू येत असे, बाबेलच्या बेल-शर-उसुरच्या नावात मात्र तोच शब्द ‘श’ राखून आला आणि ‘बेलशस्सर’ हे रूप तयार झाले. अश्शूर देवाच्या नावाने सुरू होणारे ‘एसरहद्दोन’ याच कारणाने ‘स’ घेऊन येते. मराठी लिपीत स आणि श वेगळे असल्याने हा फरक मराठी भाषांतरातही दिसतो.

अक्कादी नावे बहुधा छोटी वाक्येच असतात: एक देव, एक कर्म, एक क्रियापद. दोन क्रियापदे लक्षात ठेवली तरी बरीच नावे उलगडतात. ‘उसुर’ म्हणजे ‘रक्षण कर’ आणि ‘इद्दिन’ म्हणजे ‘दिला’. बाबेलचा राजा नबू-कुदुर्री-उसुर, म्हणजे नबुखद्नेस्सर, याच्या नावाचा अर्थ ‘हे नबू देवा, माझ्या वारसाचे रक्षण कर’. मरोदख-बलदान म्हणजे ‘मर्दूक देवाने वारस दिला’ आणि एसरहद्दोन म्हणजे ‘अश्शूराने भाऊ दिला’. एसरहद्दोनाचा बाप सन्हेरीब याच्या नावाचा अर्थ ‘सिन देवाने भावांची भरपाई केली’ असा आहे. आधीची मुले गेलेल्या घरातले हे नाव असावे, असे त्यातूनच कळते.

लावलेला अर्थ त्या देशाच्या स्वतःच्या लेखांशी पडताळल्याशिवाय पक्का मानू नये. नबुखद्नेस्सराचे नाव त्याच्या बांधकामांच्या विटांवर कीलाक्षरांत, म्हणजे खिळ्यांसारख्या खुणांच्या लिपीत, उमटवलेले आहे. यहेज्केलाच्या पुस्तकात आणि यिर्मयाच्या बऱ्याच भागात हे नाव ‘न’ऐवजी ‘र’ने, म्हणजे नबुखद्रेस्सर असे लिहिले आहे आणि मूळ बाबेली उच्चाराला तेच अधिक जवळचे आहे. सर्गोनाचा उल्लेख यशयाच्या 20व्या अध्यायात एकदाच येतो आणि 1843 मध्ये खोर्साबादचे उत्खनन सुरू होऊन त्याचा राजवाडा सापडेपर्यंत अभ्यासकांना या नावाचा आधार तेवढाच होता.

शास्त्रकार स्वतः एखाद्या नावाचा अर्थ सांगतात तेव्हा तो कथेचा भाग म्हणून आदराने वाचावा, पण व्युत्पत्ती म्हणून वेगळा तपासावा. निर्गमच्या दुसऱ्या अध्यायात फारोची मुलगी ‘मी याला पाण्यातून बाहेर काढले’ म्हणून मुलाचे नाव मोशे ठेवते. पण हिब्रू व्याकरणाने या रूपाचा अर्थ ‘काढणारा’ होतो, ‘काढलेला’ होत नाही. शिवाय मिसरची राजकन्या हिब्रूत नाव ठेवील हेही अवघड वाटते. बहुतेक अभ्यासक या नावाचा संबंध थुतमोस, रामसेस अशा नावांतल्या ‘जन्मलेला’ या अर्थाच्या मिसरी शब्दाशी जोडतात. या मतालाही व्यंजनांची अडचण आहेच: रामसेस हे नाव हिब्रूत ‘स’ने लिहिलेले आहे, तर मोशे ‘श’ने.

पारसी नावांच्या बाबतीत मराठी वाचकाला मोठा आधार आहे, कारण प्राचीन पारसी ही संस्कृतची जवळची भाषा. पारसी राजाचे नाव दारयावेश म्हणजे ‘दारय-वहु’; यातला ‘दारय’ म्हणजे आपला ‘धारय’ आणि ‘वहु’ म्हणजे ‘वसु’: जे चांगले ते धारण करणारा. अर्तहशश्त या दुसऱ्या पारसी राजाच्या नावात ‘ऋत’ आणि ‘क्षत्र’ या शब्दांची पारसी भावंडे आहेत: ज्याचे राज्य ऋतावर चालते तो. एज्राच्या पहिल्या अध्यायात मंदिराची पात्रे मोजून देणारा खजिनदार मिथ्रदाथ हा सरळच ‘मित्र देवाने दिलेला’ आहे. मात्र संस्कृतशी ताडण्याची ही रीत मूळ पारसी रूपावरच लावावी. ग्रीक किंवा इंग्रजी रूपाचे संस्कृतशी साम्य दिसले, म्हणून अर्थ ठोकून देऊ नये.

नावावरून माणसाचे कूळ ठरवण्याची घाईही करू नये. यहुदी राजवंशातला जरुब्बाबेल ‘बाबेलचे बीज’ असे बाबेली नाव घेऊन यरुशलेमला परतला. एस्तेरच्या पुस्तकातल्या मर्दखयाच्या नावात मर्दूक देव आहे, तरी तो कट्टर यहुदी आहे. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजातही हे दिसते: मुंबईत 1796 मध्ये सभास्थान बांधणारे सॅम्युएल एझकिएल दिवेकर लोकांत सामाजी हसाजी दिवेकर म्हणूनच ओळखले जात.

शेवटी, जवळजवळ सारखी दिसणारी नावे एकात मिसळू नयेत. दानिएलाला मिळालेले नाव बेल्टशस्सर आणि राजाचे नाव बेलशस्सर यांत एका ‘ट’चा फरक आहे, पण पहिल्याचा आरंभ बेल देवापासून होत नाही. तो अक्कादीतल्या ‘बलात्’ या शब्दापासून, म्हणजे ‘जीवित’ यापासून होतो आणि ‘त्याच्या जीविताचे रक्षण कर’ किंवा ‘राजाच्या जीविताचे रक्षण कर’ असा त्या नावाचा अर्थ लावतात.