पहिल्या उड्डाणाआधी एलरॉन कुठल्या बाजूला हलतोय ते बघा

रिमोटवर उडवायचं पहिलं मॉडेल विमान कुठलं घ्यायचं यावर फार घोळ घालू नका. फोमचं, पंख वरच्या बाजूला असलेलं ट्रेनर, म्हणजे शिकण्यासाठीचं विमान, घ्या. चार्ज केलेल्या बॅटऱ्या, टेप, गोंद, जास्तीचे प्रोपेलर पिशवीत असतीलच. आधी सिम्युलेटरवर काही तास घालवा. विमान तुमच्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं आणि ते बोटांत मुरायला वेळ लागतो. तोवर एवढं धरून ठेवा: येणाऱ्या विमानाचा जो पंख झुकेल, त्याच बाजूला स्टिक (रिमोटवरची दांडी) न्यायची.

आता मुद्द्याचं. एका उड्डाणाच्या आदल्या रात्री मी एलरॉनचा, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीचा, सर्व्हो (ती हलवणारी छोटी मोटर) बदलला होता. मैदानावर स्टिक हलवली, एलरॉन हलले, झालं समाधान. हलतात का ते पाहिलं. कुठे हलतात ते पाहिलंच नाही. सगळे सर्व्हो एकाच दिशेने फिरत नाहीत. हातातून सोडल्यावर विमान डावीकडे झुकलं, मी उजवीकडे स्टिक दिली, ते आणखी डावीकडे गेलं, मी आणखी जोरात दिली. पंखाचं टोक आधी जमिनीला लागलं आणि पंख मधोमध तुटला. तीन सेकंदही झाले नसतील.

म्हणून विमानाच्या मागे उभे राहा. मागेच; समोरून बघाल तर गोंधळाल. स्टिक उजवीकडे: उजवा एलरॉन वर, डावा खाली. स्टिक स्वतःकडे ओढली की एलिव्हेटर (शेपटीची आडवी हलती पट्टी) वर. रडर (शेपटीची उभी हलती पट्टी) उजवीकडे दिला की उजवीकडे. हे तोंडाने मोठ्यांदा म्हणा, घाई असली तरी. काल तपासलं होतं हे कारण चालणार नाही. सर्व्हो बदलला, ट्रान्समीटरमध्ये (हातातल्या रिमोटमध्ये) दुसरं मॉडेल निवडलं, पंख काढून परत बसवला, की पुन्हा तपासा. काहीच बदललं नसेल तरीही तपासा.

तोल: बॅटरी आत ठेवून पंखाखाली दोन बोटांवर विमान उचला. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश भागात ते तोललं गेलं पाहिजे. नेमकी जागा माहितीपत्रकात असते. नाक किंचित जड चालेल. शेपूट जड असेल तर उडवू नका, नवशिक्याच्या हातून ते सावरत नाही.

घरी मोटर तपासताना प्रोपेलर काढूनच ठेवा, बोटं कापली जातात. ट्रान्समीटर सगळ्यात आधी चालू, सगळ्यात शेवटी बंद. प्रोपेलर काढलेला असतानाच एकदा मुद्दाम ट्रान्समीटर बंद करून मोटर थांबते का बघा. लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) पूर्ण भरली की सेलमागे ४.२ व्होल्ट असते. ३.५ च्या खाली नेऊ नका, टायमर लावा. चार्जिंगला लावून बाहेर जायचं नाही.

जोराचा वारा असेल तर परत या. सोडायचं वाऱ्याच्या तोंडावर, उतरवायचंही तसंच. सूर्य पाठीशी. आधी उंची घ्या, मग वळा. हळू वेगात एलिव्हेटर ओढत राहिलात तर विमान पडेल.

उतरल्यावर आधी विमानातली बॅटरी काढा. लिपो ठेवून द्यायची असेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून. दुसरी बॅटरी घालून लगेच पुन्हा उडवणार असाल, तर मागे उभे राहा. स्टिक उजवीकडे, उजवा एलरॉन वर.