बेळगावात नवीन पार्टीला पहिल्यांदा भेटायला जाताना

गडहिंग्लज, चंदगड, कोल्हापूरकडून इथं येऊन डिझाइनचं काम सुरू करणारी पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पार्टीला, म्हणजे काम देणाऱ्या गिऱ्हाइकाला, काय दाखवायचं? मी इचलकरंजीहून बेळगावात आले त्याला तेरा वर्षं झाली. कॅटलॉग, लेबल, दुकानाचे बोर्ड ही माझी कामं. माझं म्हणणं असं की दाखवायचं थोडं न्या आणि त्यांचं बघायला जा.

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी पहिल्यांदा गेले तेव्हा लॅपटॉप उघडून अर्धा तास जुनी कामं दाखवत बसले होते. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग टेबलावर एक व्हॉल्व्हचं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला भाग, ठेवलं. "तुमचं बघितलं की. आता आमचा माल बघा." त्यातलं मशिनिंग कुठं झालंय हेही मला सांगता आलं नाही. काम गेलं, आणि ते जायलाच हवं होतं. कास्टिंगचं अंग वाळूच्या साच्यामुळं खरखरीत असतं, पण फ्लँजचं, म्हणजे पाइपला जोडायच्या कडेचं, तोंड लेथवर फिरून आरशासारखं चकाकतं. मालकाची सगळी मेहनत त्या चकाकीत असते आणि कॅटलॉगच्या फोटोत तीच दिसावी लागते. आता मी आधी मशिन शॉपमधून एक फेरी मारू द्या म्हणते. कॅटलॉग कोण वाचणार, हुबळीचा डीलर की बाहेरच्या देशातला खरेदीदार, एवढं विचारलं तरी बोलणं मार्गाला लागतं. शहापूर-वडगावच्या साडीवाल्यांकडे गेलात तर पदर हातात घेऊन बघा. त्याशिवाय लेबलाचा रंग बोलू नका.

भाषेचं सांगते. आडनावावरून अंदाज बांधू नका. पाटील, देसाई, कुलकर्णी इथं मराठीही आहेत आणि कन्नडही. आत जाताना "नमस्कार री" म्हणा. समोरून कन्नड आलं तर "ननग कन्नड स्वल्प बर्तद री" (मला कन्नड थोडं येतं) एवढं मनापासून बोला. निम्म्या वेळा ते स्वतःच मराठीवर येतात. पण म्हणून कन्नड शिकायचं टाळू नका. ज्यांच्या घासातला घास आपण खातो, त्यांची भाषा यायला हवी असं मला वाटतं. सीमाप्रश्न कामाच्या टेबलावर काढू नका. दोन्ही बाजूंच्या मनाला तो लागलेला आहे. १ नोव्हेंबरला भेट ठेवू नका. त्या दिवशी इकडे राज्योत्सव आणि आपल्या माणसांचा काळा दिवस, रस्त्यावर बंदोबस्त असतो. हिवाळ्यात सुवर्ण विधानसौधला अधिवेशन भरलं की हायवेकडं जायला वेळ हाताशी ठेवून निघा. आणि बोलताना कुणी बेळगाव म्हणू दे, बिलावर मात्र २०१४ पासूनचं सरकारी नाव बेळगावी लिहा.

कन्नड मजकूर कोण देणार हे पहिल्याच भेटीत विचारा. इथली बरीच जुनी टायपिंग 'नुडी' फॉन्टमध्ये आहे. आपल्याकडच्या जुन्या श्रीलिपीसारखंच, फॉन्ट नसला की फाईलभर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये मागा, आणि छपाईआधी कन्नड वाचणाऱ्या माणसाची सही घ्या. दुकानाचा बोर्ड असेल तर कर्नाटकच्या कन्नड भाषा कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर ६० टक्के कन्नड लागतं आणि ते वरच्या भागात. मालकाला हे तुम्हीच आधी सांगितलंत तर तुमच्यावरचा भरवसा वाढतो.

पैशाचं बोलणं चहाबरोबरच उरका. चहाला नाही म्हणू नका. सेवेच्या कामाला वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. मात्र महाराष्ट्रातला २७ ने सुरू होणारा नंबर असेल आणि आता काम इथं बसून करत असाल, तर कर्नाटकचा २९ चा नंबर वेगळा काढावा लागतो. लहान उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी फुकट होते, ती करूनच जा. २००६ च्या कायद्यानं लहान उद्योगाचं पेमेंट लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढं नेता येत नाही, आणि करारच नसेल तर १५ दिवसांत द्यायचं असतं. हे पार्टीला धमकावून सांगायचं नाही. कोटेशनच्या खाली एका ओळीत लिहायचं. दर विचारला की लगेच आकडा टाकू नका, "उद्या सकाळी पाठवते" म्हणा आणि खरंच सकाळी पाठवा.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लिहून टाका: पानं किती, फोटो कोण काढणार, दुरुस्त्या किती वेळा, कन्नड मजकूर कोणाकडून, ॲडव्हान्स किती. मी दोन दुरुस्त्या धरते, तिसरीचे पैसे वेगळे. "ओके री" असं उत्तर आलं की तो मेसेज जपून ठेवा, आणि ॲडव्हान्स खात्यावर आल्यावर फाईल उघडा.