स्पितीला जीपने जायचंय? मग शिमल्याकडून चढा आणि हळू चढा

दरवर्षी मे महिना आला की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, हिमाचलमधली स्पिती करायचीय, पाच दिवस सुट्टी आहे, मनालीवरून जाऊन येऊ का. माझं उत्तर ठरलेलं आहे. पाच दिवसांत करू नका. नऊ-दहा दिवस मिळतील तेव्हाच जा, आणि जाताना शिमला-किन्नौरकडून वर चढा, उतरताना मनालीकडून उतरा. या एका गोष्टीवर अख्खी ट्रिप चांगली होते नाहीतर वाया जाते, म्हणून सगळ्यात आधी तेच लिहितोय, गाडी आणि सामान नंतर.

त्याचं कारण असं की मनाली साधारण २,००० मीटरवर आहे आणि तिथून निघालात की त्याच दिवशी ४,५५१ मीटरचा कुंझुम पास ओलांडून संध्याकाळी काझाला, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावात, ३,६०० मीटरच्या वर झोपायचं. शरीराला याची सवय करून घ्यायला वेळच मिळत नाही. आमच्याच ग्रुपमधलं एक जोडपं पहिल्या वर्षी असं गेलं होतं, रात्री अकराला डोकं ठणकायला लागलं, मग उलट्या, आणि पुढचे दोन दिवस खोलीतच. शिमल्याकडून गेलात की तीच उंची चार-पाच दिवसांत हळूहळू येते.

आधी महिना ठरवा. स्पिती पीर पंजालच्या डोंगररांगेमागे आहे, त्यामुळे पाऊस तिथपर्यंत फारसा पोचत नाही, म्हणूनच ते थंड वाळवंट. पण तिथे जाणारा रस्ता किन्नौरमधून जातो आणि किन्नौरमध्ये पाऊस पडतो, दरडी कोसळतात. ऑगस्ट २०२१ मध्ये निगुलसरीला दरड कोसळून बससकट गाड्या गाडल्या गेल्या होत्या, बातम्यांमध्ये बघितलं असेल. त्यामुळे "स्पितीत पाऊस नसतो, जुलै-ऑगस्टमध्ये चालतं" असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. जूनचा मध्य ते जुलैचे पहिले काही दिवस, नाहीतर सरळ सप्टेंबर. मला सप्टेंबर जास्त आवडतो, नाल्यांना पाणी कमी असतं आणि आकाश स्वच्छ असतं. कुंझुम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मे-जूनपर्यंत बर्फाने बंद असतो, त्यामुळे जूनच्या सुरुवातीला जाणार असाल तर पास उघडलाय का याची चौकशी करूनच बुकिंग करा, नाहीतर गेलात त्याच रस्त्याने परत यावं लागेल.

गाडी कुठली न्यायची? पुण्या-मुंबईकडून स्वतःची गाडी नेणारे पुष्कळ आहेत, पण चंदीगडपर्यंतच जाऊन-येऊन पाच-सहा दिवस जातात, आणि डोंगर सुरू व्हायच्या आधीच चालवणारा थकलेला असतो. मी म्हणेन चंदीगडपर्यंत विमानाने जा आणि तिथून गाडी घ्या. पहिल्यांदाच जात असाल आणि घाटात चालवायची रोजची सवय नसेल तर तिकडचाच ड्रायव्हर असलेली गाडी घ्या, पैसे वाचवायची ही जागा नाही. आपण वरंधा, ताम्हिणी चालवलेले असतो म्हणून वाटतं जमेल, पण तिथे एका बाजूला कठडा नाही, खाली सतलज, आणि समोरून बस आली की दोनशे फूट रिव्हर्स घ्यायला लागतो. गाडी स्वतः चालवणार असाल तर थार, जिम्नी, स्कॉर्पिओ, बोलेरो यातलं काहीही चालेल. सीझनमध्ये फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी गाडी) लागेलच असं नाही, ग्राउंड क्लिअरन्स मात्र हवाच, २०० मिलिमीटरच्या आसपास.

आता गाडी ताब्यात घेताना काय बघायचं ते जरा सविस्तर, कारण इथे आम्ही अडकता अडकता वाचलो. चंदीगडला भाड्याची गाडी घेतली, बाहेरून एकदम चकाचक, कागद बरोबर, आम्ही निघणारच होतो. माझा भाऊ म्हणाला थांब, स्टेपनी उतरवून बघू. देणारा म्हणत होता साहेब ओके आहे, पण भावाने ऐकलं नाही, नट सोडून चाक खाली टाकलं तर ते टप्प करून बसलंच, हवाच नव्हती, बाजूच्या भिंतीला बोटभर लांब चीर. जॅक होता पण तो फिरवायचा दांडा नव्हता. तिथे दोन तास भांडून दुसरं चाक घेतलं. तेच चाक सहाव्या दिवशी, काझा सोडून मनालीकडे उतरताना, लोसर गावाच्या पुढे वापरावं लागलं. तेव्हा स्टेपनी नुसती बघू नका, उतरवा, हवा मोजा, जॅक लावून एक चाक वर उचलून बघा, पान्ह्याने नट सुटतोय का बघा. मग ब्रेक, कूलंट, हेडलाइट. सोबत हवा भरायचा छोटा पंप, पंक्चर किट, ओढायचा दोर आणि टॉर्च घ्या. उंचीवर बाहेरचा हवेचा दाब कमी होतो त्यामुळे टायर जास्त फुगल्यासारखा होतो (चिप्सचं पाकीट कसं टम्म फुगतं, तसंच), म्हणून काझाला पोचल्यावर सकाळी थंड टायरची हवा एकदा तपासून नेहमीच्या आकड्यावर आणा.

कागदपत्रांचं सोपं आहे. भारतीय नागरिकांना या रस्त्याला परमिट लागत नाही, परदेशी पासपोर्टवाल्यांना लागतं, तेव्हा अमेरिका-लंडनहून आलेले आणि तिकडचा पासपोर्ट असलेले नातेवाईक सोबत असतील तर हे आधी बघा. बाकीच्यांनी आधार कार्ड खिशातच ठेवा, वाटेत चेकपोस्टवर नाव लिहून घेतात.

निघायच्या आधी डॉक्टरांना भेटा. डायमॉक्स म्हणजे अॅसिटाझोलामाइड नावाची गोळी उंचीच्या त्रासासाठी देतात, पण ती स्वतःच्या मनाने घेऊ नका, सल्फाची अॅलर्जी असेल तर विशेष करून विचारा. बीपी, दमा, हृदयाचा त्रास, गरोदरपण असेल तर डॉक्टर जाऊ नका म्हणाले की नाही जायचं.

आता प्रवास. पहिल्या दिवशी चंदीगडहून सकाळी लवकर निघून शिमला मागे टाका आणि नारकंडाला राहा, २,७०० मीटर. दुसऱ्या दिवशी रामपूरवरून कल्पा, साधारण २,९०० मीटर, समोर किन्नर कैलासचं शिखर. रेकाँग पिओच्या खाली पोवारीला पेट्रोल पंप आहे, तिथे टाकी फुल करा, पुढचा भरवशाचा पंप थेट काझाला. या रस्त्यांवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच गाडी जास्त चालते त्यामुळे मायलेज नेहमीपेक्षा बरंच कमी धरून हिशोब करा. कल्प्याला जमलं तर दोन रात्री राहा.

मग कल्पा ते ताबो, साधारण १७० किलोमीटर, पण अख्खा दिवस धरा. खाबच्या पुलाशी स्पिती नदी सतलजला मिळते, तिथून हिरवं संपतं आणि सगळं मातीच्या, राखेच्या रंगाचं होतं. बरेच जण त्या रात्री नाकोला राहतात. मी नाको बघून पुढे जायला सांगतो. कारण नाको ३,६०० मीटरच्या वर आहे आणि ताबो ३,२८० च्या आसपास. दिवसा उंच जायचं आणि रात्री खाली येऊन झोपायचं, हा नियम संपूर्ण ट्रिपभर पाळा. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, असं डॉक्टर सांगतात, आणि ताबोमुळे ते बरोबर बसतं. वाटेत ग्यू गाव आहे, तिथे बौद्ध भिक्षूची बसलेल्या अवस्थेतली ममी आहे, १९७५ च्या भूकंपानंतर सापडलेली.

ताबोचा मठ इ.स. ९९६ मधला. बाहेरून मातीची साधी घरं वाटतात, आत गेलात की अंधार, आणि डोळे सरावले की चारी भिंती चित्रांनी भरलेल्या दिसतात. आत फोटो काढू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. घाईत दहा मिनिटांत बाहेर पडू नका, तिथे शांत बसा.

ताबो ते काझा फक्त ४७ किलोमीटर, वाटेत धनकरचा मठ. काझाला तीन रात्री राहा. पोचलात त्या दिवशी काहीच करू नका, बाजारात हळू फिरा, पाणी प्या, दारू अजिबात नको, लवकर झोपा. काझाला एटीएम आहे पण त्यात पैसे असतीलच असं नाही, रोख रक्कम खालूनच आणा. मोबाइलला काझात रेंज मिळते, गावांच्या मध्ये कुणाचीच धड चालत नाही, बीएसएनएलचं एक सिम असू द्या आणि घरी आधीच सांगून ठेवा की दिवसभर फोन लागला नाही तरी काळजी करू नका.

पुढचे दोन दिवस काझावरून जाऊन-येऊन. एक दिवस ‘की’ गावचा गोंपा (म्हणजे बौद्ध मठ), किब्बर आणि चिचमचा पूल. दुसऱ्या दिवशी लांगझा, हिक्किम, कोमिक. हिक्किमचं पोस्ट ऑफिस ४,४०० मीटरवर आहे, तिथून घरी पत्र टाका, पोचायला वेळ लागतो पण येतं. माझ्या आईने ते कार्ड देवघराशेजारी लावून ठेवलंय. लांगझाला मुलं शंखाच्या आकाराचे दगड विकायला आणतात, ते जीवाश्म आहेत, हा सगळा भाग एकेकाळी टेथिस समुद्राच्या तळाशी होता त्याचा तो पुरावा. कृपया विकत घेऊ नका, आपण घेतो म्हणून ते खणले जातात.

जेवणाचं म्हणाल तर होमस्टेमध्ये थुक्पा (नूडल्सचं सूप), मोमो, डाळ-भात मिळतो, आणि उंचीवर भूक मरते. अशा वेळी आपलं मेतकूट फार उपयोगी पडतं, गरम भात, तूप, मेतकूट, बस्स, मुलंही खातात. होमस्टेच्या आजींनाही आम्ही चाखवलं, त्यांनी जव भाजून केलेलं सत्तू आणून दिलं आणि म्हणाल्या हे आमचं. पाणी तिथे फार जपून वापरतात, रोज अंघोळीचा हट्ट धरू नका, आणि प्लास्टिक गाडीतच एका पिशवीत साठवून मनालीपर्यंत परत आणा.

डोकं थोडं दुखणं, झोप न लागणं हे पुष्कळांना होतं. पण डोकं दुखतंय आणि उलटी होतेय तर त्या दिवशी आणखी वर जायचं नाही. आणि माणूस सरळ रेषेत चालताना झोकांड्या देतोय, असंबद्ध बोलतोय, बसल्या जागी दम लागतोय किंवा खोकला सुटलाय, तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच खाली उतरायचं आणि डॉक्टर गाठायचा. ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो, त्याच्या भरवशावर वर थांबू नका.

शेवटचा टप्पा काझा, लोसर, कुंझुम, बातल, ग्रांफू. इथे रस्ता म्हणजे नदीतले गोटेच, आणि बर्फ वितळून आलेले नाले थेट रस्त्यावरून वाहतात. सकाळी पाणी घोट्याएवढं असतं, ऊन चढलं की दुपारी तेच गुडघ्याच्या वर जातं, म्हणून काझाहून पहाटे निघा. वाटेतल्या चंद्रताल तलावाजवळ राहणार असाल तरी दुसऱ्या दिवशी बातलहून सकाळीच सुटा. चंद्रताल साधारण ४,३०० मीटरवर आहे, काझाला तीन रात्री काढून तब्येत ठीक असेल तरच तिथे मुक्काम करा, तंबू तलावापासून लांब असतात आणि ते तसेच असायला हवेत.

नाला आला की आधी थांबा आणि खाली उतरा. पुढची गाडी कुठून जातेय, तिचं चाक कुठे बुडतंय ते बघा. जिथे पाणी पसरट आणि खळखळतं तिथे बहुधा उथळ असतं, जिथे शांत आणि गडद तिथे खड्डा. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत येत असेल तर जाऊ नका, मागे गाड्या कितीही हॉर्न देऊ देत. जायचं ठरलं की गाडीला लो रेंज (हळू पण जास्त जोराने ओढायचा गिअर) असेल तर ती लावा, पहिला गिअर टाका, आणि एकदा पाण्यात शिरलात की क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही, अॅक्सिलरेटर एकसारखा ठेवायचा. आमच्या वेळी मधोमध एक दगड चाकाखाली घरंगळला, गाडी डावीकडे कलली, सगळ्यांचा श्वास अडकला, पण भावाने पाय हलवला नाही आणि गाडी स्वतःच ओढून वर आली. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-चारदा हलके दाबून सुकवा.

उताराला जुन्या ड्रायव्हर लोकांचं ऐका, ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

ग्रांफूला डांबरी रस्ता लागला की पुढे अटल बोगदा, ९ किलोमीटरचा, आणि पलीकडे एकदम देवदार. मनालीला पोचलात की हवा परत तपासा, वर कमी केलेली असते ती इथे आणखी कमी दाखवते, आणि पंक्चर झालेली स्टेपनी त्याच संध्याकाळी दुरुस्त करून घ्या, चंदीगडचा घाट अजून उतरायचा आहे.